सँड डॉलरच्या आत द्रव कसा फिरतो आणि तो चालतो कशावर

तू विचारलंयस की सँड डॉलरला, म्हणजे समुद्राच्या वाळूत राहणाऱ्या त्या चपट्या, गोल प्राण्याला, हृदय नाही, मग आतला द्रव फिरतो कसा, आणि तारामाशासारखा हा पण ट्यूब फीटवरच, म्हणजे द्रवाने भरलेल्या बारीक नळीसारख्या पायांवरच, चालतो का. रामेश्वरहून आणलेल्या कवचाच्या वरच्या बाजूला पाच पाकळ्यांमध्ये बारीक भोकांच्या रांगा दिसल्या म्हणून तुला वाटलं की पाय तिथूनच बाहेर येत असणार. त्या भोकांतून ट्यूब फीट बाहेर येतात हे बरोबर ओळखलंस, पण चालण्याशी त्यांचा काही संबंध नाही, कारण ते पाठीवर आहेत आणि जमीन पोटाखाली.

आधी थोडक्यात सांगते, मग सविस्तर. चालायचं काम काट्यांचं. श्वासाचं काम वरच्या पाकळ्यांतल्या ट्यूब फीटचं. खाणं गोळा करायचं काम खालच्या बाजूच्या ट्यूब फीटचं. आणि आतला द्रव हलता ठेवायचं काम सिलियाचं, म्हणजे पेशींवरच्या त्या अतिसूक्ष्म केसांचं. तारामाशात एकच ट्यूब फूट चालतो, चिकटतो, शिंपला उघडतो आणि श्वासाला पण मदत करतो, इथे मात्र कामं वाटून दिलीयत. बीएस्सीच्या पेपरात बहुतेक मुलं तारामाशाची जलवाहिनी संस्था, म्हणजे ट्यूब फीटना द्रव पुरवणाऱ्या नळ्यांचं जाळं, जशीच्या तशी सँड डॉलरला चिकटवतात आणि पूर्ण उत्तरात सिलिया हा शब्द एकदाही येत नाही, आणि मला वाटतं सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

यात मुलांचा दोष नाही. सोलापुरात बसून आपल्याला समुद्र कुठला दिसणार, लॅबच्या कपाटात जे पांढरं, गुळगुळीत, चपटं कवच असतं तेवढंच आपण बघतो. ते मेलेल्या प्राण्याचं, उन्हात पांढरं पडलेलं कवच आहे आणि त्यावरून नेमकं तेच गळून गेलेलं असतं ज्याच्यावर तो चालतो. जिवंत सँड डॉलर जातीप्रमाणे तपकिरी, जांभळट किंवा करडा असतो, अंगभर हजारो बारीक काटे असतात, ते इतके आखूड आणि दाट की हात फिरवला तर टोचत नाहीत, मऊच लागतात. आणि आपण ज्याला कवच म्हणतो ते शिंपल्यासारखं बाहेरचं घर नाही, त्यावरून जिवंत त्वचेचा पातळ थर असतो, म्हणजे खरं तर तो आतला सांगाडा आहे, कॅल्साइटच्या सच्छिद्र पट्ट्या एकमेकींना जोडून बनलेला. दहावीच्या पुस्तकात कंटकचर्मी संघ वाचला असशील, त्यातल्या सी-अर्चिनचाच, म्हणजे गोल काटेरी प्राण्याचाच, हा चपटा झालेला भाऊ.

आता द्रवाकडे. इथे दोन वेगवेगळे द्रव आहेत हे आधी डोक्यात पक्कं कर. एक म्हणजे सीलोममधला द्रव, कवचाच्या आतली जी मोकळी पोकळी आहे, ज्यात आतडं आणि जननग्रंथी असतात, ती याने भरलेली असते. दुसरा म्हणजे जलवाहिनी संस्थेतला द्रव, जो नळ्यांमध्ये आणि ट्यूब फीटमध्ये असतो. दोन्हींची घडण समुद्राच्या पाण्याच्या खूप जवळची, थोडी प्रथिनं आणि पेशी जास्त एवढंच. हीमल संस्था म्हणून तिसरं एक जाळं पण आहे, पण ते मुख्यतः आतड्याकडून येणाऱ्या पोषणाशी जोडलेलं आहे, त्याला रक्ताभिसरण समजून ऑक्सिजनचं ओझं त्याच्यावर टाकू नकोस.

सीलोमच्या आतल्या भिंतीला जे अस्तर असतं त्या पेशींवर सिलिया असतात, ते सतत एका दिशेने झटके देत राहतात आणि त्यांच्या जोरावर द्रव भिंतीलगत हळूहळू सरकत राहतो. पंप नाही, ठोका नाही, दाब असा जवळजवळ नाहीच. या द्रवात सीलोमोसाइट नावाच्या पेशी फिरत असतात, काही जंतू गिळतात, काही जखमेपाशी गोळा होऊन गठ्ठा करतात, काहींत लालसर रंगद्रव्य असतं. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा नाही, एकायनोक्रोम नावाच्या रंगद्रव्याचा आहे, त्याचं काम जंतूंशी लढण्याशी जोडलेलं आहे. म्हणजे आपल्या रक्तासारखं ऑक्सिजन धरून ठेवणारं काहीच या द्रवात नाही, पाण्यात जेवढा विरघळतो तेवढाच.

मग एवढ्यावर भागतं कसं? इथे आकडा बघितला की पटतं. ऑक्सिजन नुसत्या डिफ्यूजनने, म्हणजे प्रवाहाशिवाय आपोआप पसरत, पाण्यातून 1 मिलिमीटर जायला ढोबळमानाने 4 मिनिटं लागतात, पण 1 सेंटिमीटर जायला 7 तासांच्या आसपास, कारण अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो. म्हणजे शरीर जाड असेल तर नुसतं डिफ्यूजन कामाचं नाही आणि शरीर पातळ असेल तर थोडासा प्रवाह मिळाला तरी पुरतं. सँड डॉलर चपटा आहे, आतली पोकळी उंचीने अगदी कमी, प्राण्याचा खर्चही कमी, स्नायूंचे मोठे गठ्ठे कुठे नाहीत, त्यामुळे सिलियाचा मंद प्रवाह त्याला पुरून उरतो. चपटेपणाचे इतर फायदे आहेतच, वाळूत शिरायला सोपं जातं, पण श्वासाच्या हिशोबातही तो बसतो हे पुस्तकात कुणी नीट सांगत नाही.

आता जलवाहिनी संस्था. कवचाच्या वरच्या बाजूला बरोबर मधोमध, पाच पाकळ्या जिथे जवळ येतात तिथे, मॅड्रेपोराइट असतो, बारीक छिद्रं असलेली पट्टी. तिथून स्टोन कॅनाल खाली उतरतो, तोंडाभोवतीच्या रिंग कॅनालला मिळतो, रिंग कॅनालमधून पाच रेडियल कॅनाल निघतात आणि कवचाच्या आतल्या बाजूने, वरपर्यंत जातात. प्रत्येक रेडियल कॅनालमधून दोन्हीकडे बारीक फाटे, प्रत्येक फाट्याला आतल्या बाजूला एक पातळ पिशवी म्हणजे अ‍ॅम्प्युला, आणि कवचातल्या भोकातून बाहेर आलेला ट्यूब फूट. अ‍ॅम्प्युलाचे स्नायू आवळले की द्रव ट्यूब फूटमध्ये ढकलला जातो आणि तो लांब होतो, रेडियल कॅनालकडे द्रव मागे पळू नये म्हणून मधे व्हॉल्व्ह असतो. ट्यूब फूटच्या भिंतीतले उभे स्नायू आवळले की तो आखूड होतो आणि द्रव परत अ‍ॅम्प्युलात. लांब व्हायला द्रवाचा दाब, आखूड व्हायला आणि वाकायला स्नायू, एवढं लक्षात राहिलं की आकृती पाठ करायची गरज पडत नाही.

पाकळ्यांमधले ट्यूब फीट मात्र वेगळे, आणि मला स्वतःला या प्राण्यातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. तुझ्या हातातलं कवच उजेडासमोर धर आणि भिंगातून बघ, पाकळीच्या कडेची भोकं एकेकटी नाहीत, जोडीजोडीने आहेत. एका ट्यूब फूटला दोन भोकं. एका भोकातून द्रव अ‍ॅम्प्युलातून बाहेर ट्यूब फूटमध्ये येतो, ट्यूब फूटच्या आतून फिरून दुसऱ्या भोकातून परत आत जातो. हे ट्यूब फीट टोकाला चूषक असलेले, लांब असे नसतात, तर रुंद, चपटे आणि भिंत एकदम पातळ असलेले, म्हणजे सरळ सरळ कल्लेच. त्यांच्या बाहेरून पण सिलिया असतात आणि ते समुद्राचं पाणी आतल्या द्रवाच्या उलट दिशेने वाहवतात. उलट दिशेने का? कारण आतला द्रव जसजसा पुढे जाईल तसतसं त्याला बाहेर जास्त ताजं पाणी भेटत जातं आणि शेवटपर्यंत ऑक्सिजन आत येत राहतो. माशांच्या कल्ल्यात काउंटर करंट शिकलास ना, तोच नियम, फक्त इथे रक्ताच्या जागी जवळजवळ समुद्राचंच पाणी आहे.

आणि साखळी इथे संपत नाही. ट्यूब फूटमधला द्रव ऑक्सिजन घेऊन अ‍ॅम्प्युलात आला की अ‍ॅम्प्युलाच्या पातळ भिंतीपलीकडे सीलोमचा द्रव असतोच, तिथे ऑक्सिजन त्याच्याकडे जातो, आणि मग सीलोमचे सिलिया तो आतड्यापर्यंत, जननग्रंथींपर्यंत, जबड्याच्या स्नायूंपर्यंत पोचवतात. समुद्राचं पाणी, मग ट्यूब फूटचा द्रव, मग सीलोमचा द्रव, तीन टप्पे, आणि तिन्ही टप्प्यांत हलवणारे सिलियाच. कार्बन डायऑक्साइड याच वाटेने उलटा बाहेर. अमोनिया पण पातळ भिंतींतून बाहेर पडतो, मूत्रपिंडासारखा अवयव शोधत बसू नकोस, नाही.

खालच्या बाजूचे ट्यूब फीट बारीक आणि संख्येने प्रचंड, भिंगाशिवाय नीट दिसत पण नाहीत. त्यांच्यासाठी एकेकटी भोकं असतात, जोडी नाही. तोंड खालच्या बाजूला मधोमध, त्याच्याकडे फांद्या फुटलेल्या खाचा येतात, त्या अन्नाच्या वाटा. पूर्वी असं मानायचे की वरच्या काट्यांमधून बारीक कण चाळले जातात, मोठी वाळू वरच राहते आणि बारीक माल चिकट द्रवातून कडेने खाली येतो. 1985 मध्ये टेलफर्ड, मुई आणि एलर्स यांनी मेलिटा या सँड डॉलरवर काम करून या चाळणीच्या कल्पनेला आव्हान दिलं आणि दाखवलं की खालचे ट्यूब फीटच कण उचलतात आणि एकमेकांकडे देत खाचेत आणि मग तोंडाकडे नेतात. आत अ‍ॅरिस्टॉटलचा कंदील म्हणतात तो पाच तुकड्यांचा जबडा आहेच, तो वाळूचे कण आणि डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं भरडतो. म्हणजे जलवाहिनी संस्थेचं इथलं मुख्य काम श्वास आणि जेवण.

आता चालणं. प्रत्येक काट्याच्या बुडाशी खोलगट वाटी असते आणि ती कवचावरच्या गोल उंचवट्यावर बसते, आपल्या खांद्याच्या सांध्याच्या पद्धतीने. भोवताली स्नायूंचं कडं. म्हणून काटा कुठल्याही दिशेला कलू शकतो. खालच्या बाजूचे चालायचे काटे मागे झटका देतात, वाळूला ढकलतात, मग उचलून पुढे येतात, परत ढकलतात, आणि शेजारचा काटा तेच किंचित उशिरा करतो, त्याच्या शेजारचा अजून किंचित उशिरा. मंगळवेढ्याच्या शिवारात शाळू निसवला असताना वारा सुटला की रानभर लाट पळताना दिसते पण ताट मात्र आपल्या जागेवरच डुलत असतं, अगदी तसं. याला मेटाक्रोनल लाट म्हणतात. सगळे काटे एकदम उचलले तर प्राणी खाली टेकेल, लाटेने चालल्यामुळे कुठल्याही क्षणी बरेच काटे वाळूत रोवलेलेच असतात आणि ढकलणं अखंड चालू राहतं.

गोल सी-अर्चिन कुठल्याही दिशेला निघू शकतो, त्याला पुढचं मागचं नाही. सँड डॉलरला आहे. पाच पाकळ्या बघून तो पाचही बाजूंनी सारखा वाटतो, पण उलटा करून गुदद्वार शोध, ते खालच्या बाजूलाच पण मागच्या कडेकडे सरकलेलं असतं, त्याच्या बरोबर समोरची पाकळी म्हणजे पुढची दिशा आणि तो तिकडेच चालतो. वळायचं असेल तर एका बाजूचे काटे वेगळ्या दिशेने झटके द्यायला लागतात आणि तो जागच्या जागी फिरतो. वेग काही फार नाही, पण वाळूत शिरायला लागला की बघण्यासारखं असतं, पुढची कड तिरकी वाळूत घुसते, कडेचे काटे वाळू वर सारतात आणि मेलिटासारखे काही तर काही मिनिटांत दिसेनासे होतात, वर फक्त वाळूचा हलका उंचवटा. उलटा पडला तरी पुढची कड वाळूत खुपसून शरीर हळूहळू उभं करून पलटी मारतो, पण त्याला खाली वाळू लागते. काचेच्या ट्रेमध्ये उलटा ठेवून सरळ होईल म्हणून वाट बघणं हा त्या जिवाचा छळ आहे, कृपा करून कुणी करू नका.

इथे एक गोष्ट राहते आणि ती तुझ्या दोन्ही प्रश्नांना एकत्र आणते. वाळूत पुरल्यावर त्याला श्वासाला पाणी मिळतं कसं? वरच्या बाजूचे काटे चालायच्या काट्यांपेक्षा वेगळे, बऱ्याच जातींत टोकाला फुगीर. ती फुगीर टोकं जवळजवळ येतात, वाळू त्यांच्यावर तोलली जाते आणि काट्यांच्या बुडाशी, त्वचेलगत, पाण्याला पातळ जागा मोकळी राहते. काट्यांवरच्या आणि त्वचेवरच्या सिलियांमुळे त्या जागेतून पाणी वाहत राहतं आणि पाकळ्यांच्या कल्ल्यांवरून जातं. म्हणजे काटे नसते तर चालणं गेलंच असतं, पण वाळूखाली श्वास पण कोंडला असता. रामेश्वरजवळच्या मंडपमच्या किनाऱ्यावर मुलांना दाखवताना मी कारमाइनचे बारीक लाल कण ट्रेमधल्या समुद्राच्या पाण्यात प्राण्याच्या पाठीजवळ अलगद सोडायची, आणि काटे अजिबात न हलताही कण ठरावीक वाटेने सरकताना दिसायचे. पाच मिनिटांत मुलांना जे कळायचं ते फळ्यावर तासभर आकृत्या काढून पण कळत नाही, आणि मग प्राणी जिथून उचलला तिथेच परत.

तुझ्या कवचाला मागच्या बाजूला दोन लांबट चिरा आहेत असं लिहिलंयस, म्हणजे ते एकायनोडिस्कस या सँड डॉलरचंच असणार, आपल्या किनाऱ्यांवर तो मिळतो. अमेरिकेकडच्या मेलिटाला अशी पाच भोकं असतात. भोकं तुटून पडलेली नसतात, प्राणी वाढताना ती तशीच तयार होतात. चपट्या वस्तूवरून पाणी जोरात गेलं की ती वर उचलली जायला बघते, 1981 मध्ये टेलफर्ड यांनी प्रवाहात मोजमापं घेऊन मांडलं की या भोकांमुळे वरच्या आणि खालच्या दाबातला फरक कमी होतो आणि प्राणी उचलला जायचा धोका कमी होतो. खालच्या खाचांकडे अन्न न्यायला जवळची वाट म्हणूनही भोकांकडे बघितलं जातं. माझं मत विचारशील तर दोन्ही एकाच वेळी खरं असायला काही हरकत नाही, पण लाटांच्या पट्ट्यात राहणाऱ्याला उचलून फेकलं जाणं ही पहिली भीती. लहान पिल्लांची तर अजूनच, म्हणून अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या डेन्ड्रास्टर या सँड डॉलरची पिल्लं लोहयुक्त जड वाळूचे कण निवडून गिळतात आणि आतड्याच्या फाट्यात साठवतात, वजन वाढावं म्हणून, हे चिया यांनी 1973 मध्ये दाखवलं. तोच डेन्ड्रास्टर मोठा झाला की प्रवाह मध्यम असेल तिथे कडेवर उभा राहतो, एक भाग वाळूत, बाकीचा पाण्यात, आणि वाहत येणारं खाणं पकडतो. चालणारा प्राणी जेवणासाठी चालणं थांबवून उभा राहतो आणि पाण्याच्या हालचालीवर भागवतो, हे मला फार आवडतं.

आणि शेवटी तू टाकीत पाळायचं विचारलंस, तर सोलापुरात ते करू नकोस. यांच्या अंगातल्या द्रवाचा खारटपणा बाहेरच्या पाण्याबरोबरच बदलतो, आत वेगळा राखायची सोय नाही, म्हणून गोड पाण्यात जगणारा कंटकचर्मी जगात एकही नाही, उजनीत किंवा भीमेत कधी सापडणार नाही. मीठ टाकून बनवलेलं पाणी, आपला एप्रिल मे मधला 42 अंशांचा उकाडा, त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि याच्या द्रवात तो साठवणारं काही नाही, शिवाय वाळूतलं सूक्ष्म खाणं काही दिवसांत संपतं. त्यापेक्षा तुझ्याकडे फुटकं कवच असेल तर हलकेच उघडून बघ, वरचा आणि खालचा मजला जोडणारे आतले खांब दिसतील, मधोमध जबड्याचे पाच तुकडे, कधी सुटे होऊन खुळखुळत असतात ते, आणि पाकळ्यांच्या भोकांच्या जोड्या आतल्या बाजूने पण. त्या जोड्या दिसल्या की आकृतीत प्रत्येक ट्यूब फूटला दोन वाटा काढ आणि बाण एकमेकांच्या उलट दाखव, परीक्षकाला तेवढ्यावरच कळतं की मुलाने वस्तू बघून लिहिलंय.